वाफेच्या जमान्यातली आपली रेल्वे टाकी: बघण्यापासून १:८७ मापात उभी करण्यापर्यंत

रेल्वेची मॉडेल्स करणारी मंडळी इंजिन, डबे, सिग्नल सगळं जीव ओतून करतात आणि पाण्याची टाकी मात्र परदेशी किटमधली आणून ठेवतात. लाकडी फळ्यांचं गोल पिंप, त्यावर शंकूसारखं छप्पर, पुढे लोंबणारी सोंड. अमेरिकेत ती टाकी शंभर टक्के खरी. पण तिच्या शेजारी ‘रहिमतपूर’ असा पिवळा फलक लावला की सगळं स्टेशनच खोटं वाटायला लागतं. सातारा-सांगली पट्ट्यातली टाकी दिसायला वेगळी, कारण तिला काम करावं लागलं ते वेगळ्या हवेत आणि वेगळ्या दगडमातीत. हे काम नीट समजून घेतलं तर साध्या सनबोर्डातूनही (फोमच्या हलक्या जाड पुठ्ठ्यातून) अस्सल टाकी उभी राहते.

या लेखात मी दगडी चौथऱ्यावरची चौकोनी लोखंडी टाकी घेतली आहे, काळ वाफेच्या मीटरगेजचा, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेल्या मार्गाचा.

आधी पाण्याचा हिशोब

वाफेचं इंजिन कोळशापेक्षा पाणी कितीतरी जास्त पितं. एक किलो कोळसा जाळला की साधारण सहा-सात लिटर पाण्याची वाफ होते आणि ती धुराड्यातून निघून जाते, परत येत नाही. मीटरगेजच्या वायपी जातीच्या इंजिनाच्या टेंडरमध्ये, म्हणजे मागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या डब्यात, सुमारे ३००० गॅलन, म्हणजे साडेतेरा हजार लिटरच्या आसपास पाणी मावायचं. कोळसा शिल्लक असताना पाणी संपायची वेळ यायची, म्हणून मार्गावर ठरावीक अंतराने पाण्याची सोय ठेवावी लागे. चढण लागली की खप आणखी वाढतो. लोणंद सोडल्यावर सालपे-आदर्कीचा घाट चढून गाडी वाठारला येते. असल्या घाटाच्या अलीकडे-पलीकडे, मोठ्या जंक्शनला आणि इंजिन बदलायच्या ठिकाणी पाणी हवंच. तुमचं स्टेशन काल्पनिक असेल तर टाकी कुठे शोभेल याचं उत्तर इथेच मिळतं. प्रत्येक लहानसहान स्टेशनावर टाकी लावू नका.

पाणी भरायला वेळही कमी असे. गाडी उभी आहे तेवढ्यात टेंडर भरायचं, तर नळ घरगुती मापाचा चालत नाही. आठ इंची नळातून सेकंदाला अडीच मीटर वेगाने पाणी आलं तर साडेतेरा हजार लिटर भरायला तीनेक मिनिटं लागतात. हा वेग पंपाने थेट मिळवण्यापेक्षा टाकी उंचावर ठेवणं सोपं: पंप दिवसभर सावकाश टाकी भरत राहतो आणि गाडी आली की साठा एकदम खाली सोडता येतो. टाकी उंच का, नळ जाड का, हे यातून कळतं.

राहिलं वजन. टाकीच्या आकाराला सगळ्यात जास्त वळण दिलं ते वजनानेच. ब्रेथवेट पद्धतीच्या टाक्या दाबून फुगवटा काढलेल्या पोलादी चौकटींच्या असतात. एक चौकट ४ फूट बाय ४ फूट. कडा दुमडलेल्या, आणि त्या एकमेकींना नट-बोल्टने जोडलेल्या. चार फुटांच्या एका घनात ६४ घनफूट, म्हणजे जवळपास ४०० गॅलन पाणी राहतं. ही एक संख्या पाठ करून ठेवा. फलाटावर उभं राहून लांबीच्या, रुंदीच्या आणि उंचीच्या चौकटी मोजायच्या, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि ४०० ने गुणायचं. आपण करणार आहोत ती टाकी ४ बाय ३ आणि उंचीला २, म्हणजे २४ घन: ९६०० गॅलन, सुमारे ४३,६०० लिटर. लिटरला किलो धरला तर नुसतं पाणीच ४३ टनांवर जातं. तळाच्या एकेका चौकटीवर साडेतीन टनांहून जास्त भार येतो. म्हणून टाकीखाली तुळयांची दाटी असते आणि भिंती वाड्याच्या भिंतींसारख्या जाड.

अमेरिकन लाकडी टाकीही याच नियमाने चालते. तिच्या लोखंडी पट्ट्या वर विरळ आणि खाली दाट, कारण खोलीबरोबर पाण्याचा दाब वाढतो. जाड लाकूड थंडीत पाणी गोठण्यापासून थोडंफार वाचवतं आणि टाकीखालून वर जाणाऱ्या नळाभोवती फळ्यांची पेटी असते, तीही त्याचसाठी. आपल्याकडे पाणी गोठत नाही, काळा दगड मुबलक, आणि इंग्रज कंपन्यांची सवय लोखंडाची. म्हणून इथे दगडी चौथरा, वर लोखंडी टाकी, आणि इंजिनात पाणी सोडायला फलाटाच्या टोकाशी वेगळा खांब, असं रूप ठरत गेलं.

बघायला कुठे, कसं जायचं

पुणे-मिरज-लोंढा हा मीटरगेज मार्ग सदर्न मराठा रेल्वेने १८९० पर्यंत पुरा केला. १९०८ मध्ये ती कंपनी मद्रास रेल्वेत मिसळली आणि मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. कोल्हापूरचा फाटा १८९१ चा, सांगली-मिरज जोड १९०७ ची, आणि १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडीही मिरजेला पोचली. पुढे पुण्याकडून ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची गाडी, आली तेव्हा मिरजेत तिन्ही गेज (रुळांच्या रुंदी) एकत्र नांदत होती. मॉडेल करणाऱ्याला यापेक्षा समृद्ध जागा महाराष्ट्रात सापडणं कठीण.

जुन्या टाक्या, चौथरे आणि खांब गेजबदलात आणि नव्या बांधकामात कमी होत चालले आहेत. जे उरलं आहे ते आत्ताच बघून, मोजून ठेवा. प्लॅटफॉर्म तिकीट काढा, स्टेशन मास्तरांना काय करतो आहोत ते सांगा आणि फलाटावरूनच फोटो घ्या. रुळावर उतरणं रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. जुनी शिडी कितीही भक्कम दिसली तरी तिच्यावर पाय ठेवायचा नाही.

फोटो घेताना टाकीच्या एका बाजूच्या अगदी समोर उभे राहा, मोबाइल आडवा-तिरपा होऊ देऊ नका आणि शक्य तितकं लांबून झूम करा. जवळून वर बघत घेतलेल्या फोटोत टाकी वर निमुळती होते आणि मापं चुकतात. एकेक चौकट चार फुटी असल्याने फोटोतच मोजपट्टी मिळते. चौकटी नसतील, गोल रिव्हेटची टाकी असेल, तर सावली वापरा: एक मीटरची काठी उभी धरून तिची सावली मोजा, त्याच वेळी टाकीची सावली फलाटावर पडत असेल तर तीही मोजा, आणि त्रैराशिक मांडा. कोपऱ्यांचे, नळ भिंतीत शिरतो त्या जागेचे आणि टाकी-चौथऱ्याच्या सांध्याचे फोटो वेगळे काढा. घरी बसल्यावर अडतं ते हमखास इथेच.

आराखडा: १४ मिलिमीटरची चौकट

१:८७ मापात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागात, चार फूट म्हणजे १४ मिमी, आणि एक फूट म्हणजे साडेतीन मिमी. सगळी टाकी याच जाळीत बसते. कागदावर १४ मिमीची चौकोनी जाळी आखा. टाकी ५६ मिमी लांब, ४२ मिमी रुंद, २८ मिमी उंच. चौथरा २० फुटी, म्हणजे ७० मिमी. समोरून चार घरं रुंद आणि सात घरं उंच असा आकार जाळीवर आला की लांब उभं राहून बघा. आपल्या टाक्या ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या आणि जड दिसतात. तुमचं चित्र सडपातळ वाटत असेल तर चौथरा दोन-तीन फुटांनी कमी करा, टाकी उंच करू नका. टाकीची उंची चौकटींनी बांधलेली आहे, चौथऱ्याची गवंड्याच्या हातात होती.

चौथरा

आतला गाभा ५ मिमी सनबोर्डाचा, बाहेरचं दर्शनी तोंड ३ मिमी सनबोर्डाचं. दोन्ही मिळून ८ मिमी, म्हणजे खऱ्या मापात सव्वादोन फुटांची भिंत. दाराच्या आणि खिडकीच्या आत ही जाडी दिसलीच पाहिजे. पातळ भिंतीचा चौथरा ४३ टन तोलतो यावर बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

दर्शनी तुकडे चिकटवण्याआधीच दगड कोरून घ्या. साडेतीन मिमीवर आडव्या रेघा पेन्सिलने मारा, म्हणजे फुटाचा एकेक थर असे वीस थर येतील. मग रिकाम्या बॉलपेनच्या टोकाने त्या रेघा हलक्या दाबून घ्या. ब्लेडने कापू नका, कापलेली रेघ फार तीक्ष्ण दिसते. उभे सांधे एका थरात जिथे आहेत त्याच्या वरच्या थरात तिथे नकोत. दगडांची लांबी मुद्दाम कमी-जास्त ठेवा. कोपऱ्याला घडीव दगड: एका थरात लांब बाजू समोर, पुढच्यात आखूड. हा कोपरा दोन्ही बाजूंनी जुळवायला वेळ लागतो, पण साताऱ्या-सांगलीकडचं जुनं दगडी काम ओळखू येतं ते इथेच. कोपऱ्याचे दगड गुळगुळीत ठेवा आणि मधल्या दगडांवर बोथट टोकाने बारीक टिचक्या मारा, छन्नीने टाचल्यासारख्या.

खाली बहुधा खोली असते, पंपाची नाहीतर सामानाची. दार साडेदहा मिमी रुंद आणि साडेचोवीस मिमी उंच, म्हणजे तीन बाय सात फूट. वर चपटी कमान. कमानीचे पाचरीसारखे दगड विषम संख्येत घ्या, सात किंवा नऊ, म्हणजे एक दगड बरोबर मधोमध येतो. सम संख्येत मधोमध सांधा येतो आणि तसं गवंडी करत नाही.

तुळया

चौथऱ्याच्या माथ्यावर टाकी थेट बसत नाही. तिच्याखाली पोलादी तुळया असतात, कधी जुने रूळही वापरलेले असतात. आडव्या पाच तुळया लावा, १४ मिमी अंतराने, म्हणजे प्रत्येक तुळई चौकटींच्या सांध्याखाली येईल. दहा इंची तुळई ३ मिमी उंच होते. प्लॅस्टिकच्या पट्टीचे तीन तुकडे चिकटवून ‘आय’ आकार करता येतो. बाहेरून टोकंच दिसणार, तेव्हा टोकाचे पाच-सहा मिमी नीट करा आणि मधला भाग साधा ठेवा. तुळयांची टोकं भिंतीबाहेर मिलिमीटरभर येऊ द्या. टाकीचा तळ आणि भिंत यांच्यात तुळयांपुरती जी काळोखी फट राहते, ती पुट्टीने बुजवू नका. टाकी वर ठेवली आहे हे त्या फटीमुळेच दिसतं.

टाकी

बाजूंच्या चौकटी २८ लागतात: परिघावर १४, दोन थरांत. तळ दिसत नाही, तिथे साधा पुठ्ठा चालेल. आत ५५ बाय ४१ मिमीचा भक्कम ठोकळा करून घ्या. कडेला अर्धा-अर्धा मिमी सोडला की बाहेरचा कागद चढल्यावर माप जुळतं.

चौकटींसाठी लग्नपत्रिकेचा जाड, गुळगुळीत कागद उत्तम. ५६ आणि ४२ मिमीच्या पट्ट्या कापा, मागच्या बाजूने जाळी आखा. पट्टी पालथी घालून जुन्या माउसपॅडवर ठेवा आणि प्रत्येक चौकोनात, कडेपासून दोन मिमी आत, रिकाम्या बॉलपेनने चौकोन फिरवा, मग आतला भाग बोथट टोकाने हळूहळू दाबा. उलटून बघाल तर चौकटीच्या पोटात फुगवटा आलेला असेल. खऱ्या चौकटींवर फुगवट्याची नक्षी वेगवेगळी असते, तुमच्या फोटोत असेल तीच उठवा. ती शोभेसाठी काढलेली नसते, सपाट पत्रा पाण्याच्या दाबाने बाहेर येतो म्हणून त्याला असा दाबून ताठ केलेला असतो. एका दमात सगळ्या २८ करा, मध्ये हात थांबला की दाब बदलतो आणि पुढच्या चौकटी वेगळ्या दिसतात.

सांध्यांवर मिलिमीटरभर रुंदीच्या कागदी पट्ट्या चिकटवा, दुमडलेल्या कडा म्हणून. बोल्ट हे खरं चिकाटीचं काम. टाचणीच्या टोकाने फेव्हिकॉलचा बारीक थेंब, दीड मिमी अंतराने, सगळ्या पट्ट्यांवर. थेंब वाळून बसला की रंगाखाली बोल्टचं डोकं दिसतं. निदान समोरच्या दोन बाजूंना तरी हे करा.

माथा उघडा ठेवायचा असेल तर आत पाण्याची पातळी दाखवावी लागेल आणि दोन बाजूंना धरून ठेवणारे आतले ताण-दांडेही. हलकं पत्र्याचं झाकण आणि त्यात माणूस उतरेल एवढं दार केलं तर हे टळतं, आणि तेही तितकंच खरं दिसतं.

नळ, शिडी, मोजफळी

नळ आले कुठून, गेले कुठे हे ठरवल्याशिवाय एकही चिकटवू नका. चार नळ लागतात. पंपाकडून येणारा भरण्याचा नळ बाहेरून वर चढतो आणि कडेवरून आत वळतो. खांबाकडे जाणारा जाड नळ तळातून निघतो, पण त्याचं तोंड आत तळापासून थोडं वर असतं, गाळ इंजिनात जाऊ नये म्हणून. गाळ काढायचा नळ अगदी तळाला. चौथा वाहून जाण्याचा, वरच्या कडेच्या जरा खाली सुरू होऊन भिंतीलगत जमिनीपर्यंत. आठ इंची नळ २.३ मिमी होतो, त्याला बांबूची गोल काडी घासून घ्या. बाकीच्यांना विजेच्या वायरमधली तांब्याची तार. वळणावर दोन कागदी चकत्या ओवल्या की जोड तयार.

शिडीचे दांडे अर्ध्या मिमीच्या तारेचे, मध्ये साडेचार मिमी अंतर. आलेख कागदावर दुहेरी टेप लावून तारा बसवा, साडेतीन मिमीवर दोरा आडवा ताणून फेविक्विकचा थेंब द्या, वाळल्यावर जादा दोरा छाटा.

आता बाहेरची मोजफळी. आत तरंगणारा डबा, त्याला बांधलेली तार कडेवरच्या कप्पीवरून बाहेर येते आणि तिच्या टोकाला वजनाचा काटा. टाकी भरली की डबा वर जातो आणि बाहेरचा काटा खाली येतो. त्यामुळे आकडे उलटे: शून्य वर, आठ खाली. पंपवाल्याला खालूनच कळायचं की पाणी कुठवर आलं आहे. २८ मिमीची पांढरी पट्टी, साडेतीन मिमीवर काळी खूण, आणि काटा तळापासून दीड-दोन खुणा वर, म्हणजे टाकी जवळपास भरलेली.

पाण्याचा खांब

फलाटाच्या टोकाशी जो उभा खांब आणि आडवा फिरता हात दिसतो, त्याचं टाकीशी नातं जमिनीखालच्या नळाने. उभ्या खांबाला रिकामी रिफिल, आडव्या हाताला बांबूची काडी, आणि टोकाला लोंबणाऱ्या पिशवीसारख्या नळीला काळी श्रिंक स्लीव्ह (वायरवर चढवतात ती तापवल्यावर आकसणारी नळी), जरा चुरगळलेली. हाताची उंची पुस्तकातून घेऊ नका. तुमच्याकडचं टेंडर रुळावर उभं करा, त्याच्या माथ्यापासून एक फूट, म्हणजे साडेतीन मिमी वर हात आला पाहिजे. लांबी टेंडरच्या मध्यापर्यंत पोचेल इतकी. हात फिरता ठेवता आला तर फार छान, खिळवायचाच असेल तर रुळाला समांतर खिळवा. वापरात नसताना तो तसाच असे, नाहीतर गाडी त्यावर आदळेल.

जागाही नेमकी असते. फायरमन टेंडरवर चढून पिशवी टेंडरच्या तोंडात घालायचा आणि खालून चाक फिरवून पाणी सोडलं जायचं. टेंडरचं हे तोंड मागच्या टोकाकडे असतं. तेव्हा गाडी जिथे थांबते तिथे इंजिनाच्या नाकापासून मागे मोजत या आणि टेंडरच्या मागच्या टोकाशी खांब लावा. पुण्याकडे आणि मिरजेकडे, दोन्ही टोकांना एकेक.

रंग

काळा दगड काळा रंगवू नका. उन्हात वाळलेला बेसॉल्ट निळसर राखाडी दिसतो, जुना झाला की तपकिरीकडे झुकतो. राखाडीत चिमूटभर निळा आणि चिमूटभर तपकिरी मिसळा, चार-पाच दगड थोडे गडद करा. दगडांच्या सांध्यांमध्ये पातळ केलेली वॉल पुट्टी भरून लगेच ओल्या फडक्याने पुसा, चुन्याचे सांधे आपोआप उमटतात.

टाकीला आधी रेड ऑक्साइड, त्यावर राखाडी किंवा चंदेरी, आणि कडांवर खालचा लाल थोडा उघडा. गंजासाठी गेरू पाण्यात कालवून बोल्टांच्या रांगांखाली बारीक ओघळ काढा, सांध्यातून जिथे पाणी झिरपतं तिथे चुन्याच्या पाण्याचे पांढरे ओघळ. रुळाच्या बाजूला कोळशाची वस्त्रगाळ पूड, वरच्या कडेला जास्त.

शेवाळाबद्दल मात्र हात आखडता घ्या. महाबळेश्वरचा पाऊस डोळ्यापुढे ठेवून पुष्कळजण टाकी हिरवीगार करतात. आपली रेल्वे सह्याद्रीच्या पूर्वेला, पावसाच्या आडोशाला आहे. कोरेगाव, रहिमतपूर, सांगली ही कोरडी हवा. हिरवं फक्त वाहून जाण्याच्या नळाखाली, गळक्या कोपऱ्यात आणि पाण्याच्या खांबाच्या बुडाशी. तिथे मात्र मनापासून: खांबाभोवती दगडी खड्डा, त्यात काळपट ओल, आणि बाहेर राखेत उगवलेलं गवत जे मेमध्येही हिरवं असतं.

काळ बदलायचा असेल तर

टाकी वाफेबरोबर संपली नाही. डिझेल आल्यावर बऱ्याच टाक्या पिण्याच्या पाण्यासाठी आणि डबे भरण्यासाठी चालू राहिल्या. तसं दाखवायचं तर खांबाची पिशवी काढा, हाताला गंज चढवा, टाकीला ताजा रंग द्या आणि भरण्याच्या नळाला बारीक नवा नळ जोडा.

आणि कुणाला मिरजच करायची असेल तर २०१६ चा एप्रिल घ्या, असं मी आवर्जून सांगेन. लातूरला प्यायला पाणी नव्हतं. कोटा वर्कशॉपमध्ये वाफेने धुतलेल्या टँकर वॅगन मिरजेला आल्या, कृष्णेचं पाणी भरलं गेलं आणि ‘जलदूत’ची पहिली दहा वॅगनची गाडी सुमारे पाच लाख लिटर घेऊन निघाली. पुढे पन्नास वॅगनच्या गाड्या गेल्या, पंढरपूर-कुर्डुवाडीवरून, म्हणजे जुन्या बार्शी लाइटच्याच वाटेने. हे दृश्य मांडताना वॅगनच्या रांगेलगत भरण्याची नळवाहिनी, प्रत्येक वॅगनवर वाकलेली नळी, माथ्यावर उभी माणसं आणि सगळ्या फलाटभर सांडलेल्या पाण्याची ओल दाखवा. ओलीसाठी राखाडीवर पारदर्शक वॉर्निशचा एकच हात पुरे, दुसरा दिला की पाणी काचेसारखं दिसतं.